मोठा बंब घ्यावा का?

परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पेडगाव हे एक लहानसे स्टेशन आहे. तेथे माझ्या थोरल्या भावाचे घर आहे. मागच्या एका डिसेंबरात दोन दिवसांसाठी मी तेथे गेलो होतो. मराठवाड्यातला उन्हाळा सर्वांना ठाऊक असतो, पण परभणीकडची थंडीही काही कमी नसते. काही हिवाळ्यांत पहाटेचा पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. अशा पहाटे न्हाणीबाहेर बंब धुमसत होता, वहिनी डोळे पुसत त्यात लाकडे सारत होत्या, आणि माझा नववीतला पुतण्या टॉवेल गुंडाळून कुडकुडत उभा होता.

"काका, माझा नंबर नेहमी शेवटी. माझ्या वाट्याला रोज कोमट पाणी!" त्याने तक्रार केली.

दादा म्हणाला, "आता घरात माणसं नऊ झाली. हा बंब आहे पंचवीस लिटरचा, आपल्या आजोबांच्या वेळचा. साठ लिटरचा पाहून ठेवलाय. कापसाचे पैसे आले की आणतो. जळण जास्त लागेल, तर बांधावरची बाभूळ तोडू."

वहिनी काही बोलल्या नाहीत. मोठा बंब म्हणजे आणखी लवकर उठणे आणि आणखी धूर, हे त्यांना बहुधा दिसत असावे. मी म्हणालो, "दादा, बाभूळ कुठे पळून जात नाही. दोन दिवस थांब, आपण आधी मोजून पाहू." माझ्याजवळ प्रयोगशाळेतला तापमापक होता, घरात ताणकाटा होता आणि पुतण्याच्या मनगटावर घड्याळ होते. एवढ्या साहित्यावर आम्ही जे शिकलो ते या लेखात सांगतो.

बंबाची रचना

शहरातल्या काही वाचकांनी बंब पाहिला नसेल. तांब्याचे एक उभे, गोल भांडे असते. त्याच्या मधोमध खालपासून वरपर्यंत एक नळकांडे गेलेले असते. नळकांड्याच्या तळाशी जाळी असते, तिच्यावर विस्तव पेटतो. जाळीखाली राख पडायला जागा असते आणि तिथूनच हवा आत शिरते. नळकांडे आणि बाहेरची भिंत यांच्या मधल्या जागेत पाणी भरलेले असते. तापलेले पाणी तोटीने काढतात आणि वरून तितकेच गार पाणी ओततात. 'बंब' हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा', म्हणजे पंप, यावरून आला असे मानतात. आग विझवणाऱ्या गाडीलाही आपण बंबच म्हणतो, ते त्यामुळेच.

चुलीवरच्या पातेल्याला विस्तव फक्त खालून लागतो. बंबात मात्र विस्तव पाण्याच्या पोटात असतो, आणि त्याला चारी बाजूंनी पाण्याने वेढलेले असते. रशियातला आणि काश्मीरमधला समोवार याच तत्त्वावर चहा उकळतो. कल्पना उत्तमच आहे. पण उत्तम साधनाकडूनही आपण किती काम घेतो, हे मोजल्यावाचून कळत नाही.

गरज किती?

प्रथम आम्ही घराची गरज काढली. एका माणसाला आंघोळीला सुमारे १८ लिटर पाणी लागते आणि ते ४० अंश सेल्सिअसचे असावे. हौदातले पाणी त्या दिवशी २० अंशांचे होते. १ लिटर पाणी म्हणजे १ किलोग्रॅम, आणि त्याचे तापमान १ अंशाने वाढवायला ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणून

एका आंघोळीची उष्णता = १८ × २० × ४.२ = १५१२ किलोज्यूल, म्हणजे सुमारे १.५ मेगाज्यूल.

नऊ जणांची मिळून होते १३.६ मेगाज्यूल.

पण नुसती एकूण उष्णता काढून भागत नाही. ती किती वेळात हवी, हेही विचारले पाहिजे. या घरातून मुले शाळेला आणि मोठी माणसे परभणीला कामाला जातात. त्यामुळे सर्व आंघोळी सहा ते सात या एका तासात उरकाव्या लागतात. १३.६ मेगाज्यूल ३६०० सेकंदांनी भागले की सुमारे ३.८ किलोवॉट येतात. उष्णता पुरवण्याच्या या वेगालाच आपण शक्ती म्हणतो. घरगुती विजेच्या गिझरची शक्ती साधारण २ ते ३ किलोवॉट असते. म्हणजे आमची गरज गिझरपेक्षा मोठी होती.

पुरवठा किती?

दुसऱ्या पहाटे बंबात २५ लिटर पाणी भरले, लाकडे मोजून जवळ ठेवली आणि साडेपाचला विस्तव पेटवला. पाणी २० वरून ७० अंशांवर यायला ३० मिनिटे लागली आणि ३ किलो लाकूड जळले. हिशेब असा:

पाण्याला मिळालेली उष्णता = २५ × ५० × ४.२ = ५२५० किलोज्यूल.
शक्ती = ५२५० ÷ १८०० = २.९ किलोवॉट.

आता तक्रारीचे मूळ सापडते. सहा वाजता बंबात ५.२ मेगाज्यूल साठलेले आहेत. पुढच्या तासात विस्तव आणखी १०.४ मेगाज्यूल देईल. एकूण १५.६ झाले. त्यातून आंघोळींना १३.६ गेले, तर उरले अवघे २. एवढ्या उष्णतेने २५ लिटर पाणी २० वरून जेमतेम ३९ अंशांवर राहते. तोटीतून जे पाणी येते त्यात गार पाणी मिसळायला काही वावच नाही. शेवटच्याला कोमट पाणी मिळते, ते असे. पुतण्याची तक्रार गणिताने खरी ठरली, आणि त्याला त्याचे भलतेच समाधान वाटले!

बंब मोठा केला तर?

दादाचे म्हणणे असे, की पंचवीसच्या जागी साठ लिटर पाणी तापले तर प्रश्नच मिटला. वरवर पाहता हे बरोबर वाटते. पण उष्णता बंब तयार करत नाही. ती विस्तव तयार करतो. विस्तव तोच ठेवला तर ६० लिटर पाणी ७० अंशांवर न्यायला १२.६ मेगाज्यूल लागतील, आणि २.९ किलोवॉटने त्याला ७२ मिनिटे लागतील. म्हणजे साडेपाचऐवजी पावणेपाचला विस्तव पेटवावा लागेल. सर्वांना कढत पाणी मिळेल हे खरे, पण ते वहिनींच्या पाऊण तासाच्या झोपेच्या बदल्यात. शिवाय सात वाजेपर्यंत तसाच जाळ चालू ठेवला तर आंघोळी आटोपल्यावर बंबात ६० लिटर पाणी ५७ अंशांचे उरेल. ते दिवसभर नुसते निवत जाणार. त्यापायी रोज सुमारे ५ किलो लाकूड फुकट. शेवटी शेवटी जाळ कमी करून हे नुकसान घटवता येते, पण सकाळच्या घाईत तेवढे लक्ष कोण ठेवणार?

"पण काका, मोठ्या बंबाचे नळकांडेही मोठे असेल ना? मग विस्तवही मोठा करता येईल!" पुतण्याने मुद्द्याची शंका काढली.

त्याची शंका योग्य होती. त्यासाठी आपण जुना बंब मोजू. उंची ४५ सेंटिमीटर, बाहेरचा व्यास २८.५ आणि नळकांड्याचा व्यास १० सेंटिमीटर. नळकांड्याची वक्रपृष्ठे म्हणजे उष्णता आत शिरण्याचा दरवाजा. त्याचे क्षेत्रफळ ३.१४ × १० × ४५, म्हणजे सुमारे १४०० चौरस सेंटिमीटर. आता हाच बंब सर्व बाजूंनी १.३४ पट मोठा करा. घनफळ १.३४ च्या घनाने, म्हणजे २.४ पटीने वाढेल आणि २५ चे ६० लिटर होतील. पण क्षेत्रफळ १.३४ च्या वर्गानेच, म्हणजे १.८ पटीने वाढेल. पाणी २.४ पट, दरवाजा मात्र १.८ पट! त्याच प्रमाणात मोठा जाळ केला, तरी तापायला पूर्वीपेक्षा एक-तृतीयांशाने जास्त वेळ, म्हणजे सुमारे ४० मिनिटे लागतील. आणि मोठा जाळ म्हणजे तासाला पावणेदोन पटींहून जास्त लाकूड.

मोठ्या भांड्याचा एक फायदा मात्र निश्चित आहे. बाहेरचा पृष्ठभागही पाण्याच्या मानाने कमी वाढतो, म्हणून मोठ्या भांड्यातले पाणी सावकाश निवते. थोडक्यात, मोठे भांडे हे उष्णता साठवायला चांगले, पण झटपट तापवायला नव्हे.

इंजिनाची गोष्ट

हाच अडथळा दोनशे वर्षांपूर्वी आगगाडीच्या शिल्पकारांना आला होता. पेडगावच्या स्टेशनावरून एके काळी मीटरगेजची वाफेची इंजिने धावत, ती आठवणारी माणसे गावात आहेत. इंजिनाचा बॉयलर हा एका परीने आडवा केलेला बंबच. सुरुवातीच्या इंजिनांत विस्तवाचे वायू पाण्यातून एखाद्या मोठ्या नळातून जात आणि बरीचशी उष्णता तशीच धुराड्यातून बाहेर पडे. १८२९ साली इंग्लंडमध्ये रेनहिल येथे इंजिनांची शर्यत झाली, तीत स्टीफन्सन पितापुत्रांचे 'रॉकेट' जिंकले. त्याच्या बॉयलरात एका मोठ्या नळाऐवजी तांब्याच्या २५ बारीक नळ्या होत्या. त्यामुळे त्याच आकारमानात पाण्याला भिडणारे क्षेत्रफळ कितीतरी वाढले. त्यांनी बॉयलर नुसता फुगवला नाही, त्याचा आतला दरवाजा रुंद केला. बंब निवडतानाही किती लिटर एवढेच न विचारता नळकांडे केवढे, हे विचारायला हवे.

लाकडात लपलेले पाणी

आता विस्तवाकडे वळू. आमच्या ३ किलो लाकडाची उष्णता गेली कुठे? लाकूड अंगणात उघड्यावर पडलेले, नुकतेच तोडलेले होते. अशा ओल्या लाकडाच्या वजनात ४० टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. म्हणजे ३ किलोत खरे लाकूड १.८ किलो आणि पाणी १.२ किलो. पूर्ण कोरड्या लाकडाचा उष्मांक किलोला सुमारे १८ मेगाज्यूल असतो. त्यानुसार आमच्या लाकडात ३२ मेगाज्यूल होते आणि बंबातल्या पाण्यात पोचले ५.२५. म्हणजे शंभरातले फक्त सोळा!

लाकडातले १.२ किलो पाणी आधी १०० अंशांपर्यंत तापले पाहिजे आणि मग त्याची वाफ झाली पाहिजे. पहिल्याला किलोला ०.३४ आणि दुसऱ्याला, म्हणजे अप्रकट उष्म्यापायी, २.२६ मेगाज्यूल लागतात. एकूण २.६. १.२ किलोला ३.१ मेगाज्यूल झाले. पाहा, बंबातल्या पाण्याला सव्वापाच मिळाले, तेव्हा लाकडातल्या पाण्याने तीन पळवले!

याहून मोठे नुकसान दुसरेच आहे. लाकूड तापले की त्याच्या कोरड्या वजनाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वायुरूपाने बाहेर पडतो आणि उरतो तो कोळसा. आपल्याला दिसतात त्या ज्वाळा या वायूंच्याच. ते पुरेसे तापलेले नसतील, किंवा त्यांना हवा मिळाली नाही, तर ते न जळताच धूर होऊन निघून जातात. ओल्या लाकडाचा विस्तव थंड असतो, म्हणून तो धुरकट असतो. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी काढणारा धूर म्हणजे न जळलेले जळणच. शिवाय त्यातले सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात. घराघरांतल्या चुलींच्या धुरामुळे होणारे आजार ही जगभरची मोठी समस्या आहे.

तांबे, काजळी आणि क्षार

दुपारी बंब आडवा करून नळकांड्यात हात घातला, तर बोटे काळी झाली. काजळी उष्णतेची फार दुर्वाहक आहे. ढोबळ हिशेबाने १ मिलिमीटर काजळी म्हणजे काही मीटर जाडीचे तांबे! अर्थात उष्णतेच्या वाटेतला सर्वांत मोठा अडथळा काजळीचाही नसून, नळकांड्याला चिकटून सावकाश सरकणाऱ्या वायूच्या पातळ थराचा असतो. काजळीने त्यात भर पडते. गंमत अशी, की या दोन अडथळ्यांपुढे तांब्याचा अडथळा नगण्य आहे. म्हणून तांब्याऐवजी पातळ लोखंडी पत्रा असता तरी पाणी तापण्याच्या वेळात विशेष फरक पडला नसता. तांबे निवडतात ते ठोकून घडवता येते आणि गंजून झिजत नाही म्हणून. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांची ख्याती या घडणावळीचीच.

आतून, पाण्याच्या बाजूला, पांढरा थर होता. तिकडच्या विहिरी-बोअरचे पाणी बरेचसे जड असते. त्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर विघटन पावते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर भिंतीवर बसतो. त्याची उष्णता वाहण्याची क्षमता तांब्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी असते. चिंचेच्या आंबट पाण्यात तो हळूहळू विरघळतो.

चिंचेची आणखी एक कामगिरी पुतण्याला नवी होती. वहिनी सणासुदीला बंब बाहेरून चिंचेने घासून लख्ख करतात. चकचकीत तांबे उष्णतेचे प्रारण फार थोडे करते, काळवंडलेले तांबे बरेच करते. म्हणजे त्या घासण्यात शोभेबरोबर थोडी उष्णताही वाचते.

दुसरा प्रयोग

गोठ्याच्या माळ्यावर गेल्या उन्हाळ्यापासून पडलेली वाळकी बाभूळ होती. तिचे मनगटाएवढे तुकडे फोडले. नळकांडे खरवडून काजळी काढली, जाळीखालची राख उपसली. तिसऱ्या पहाटे पुन्हा २५ लिटर पाणी भरले. या वेळी ७० अंशांवर यायला २१ मिनिटे लागली आणि १.४ किलो लाकूड जळले. धूर पेटवतानाच काय तो थोडा झाला.

पुतण्या म्हणाला, "तीन किलोचे काम दीड किलोच्या आत! निम्म्याहून जास्त बचत!"

येथे मात्र सावध राहिले पाहिजे. वाळताना लाकडातले पाणी गेले, ते वजन बचत म्हणून मोजायचे नाही. उन्हात वाळलेल्या लाकडातही १५ टक्क्यांच्या आसपास ओल राहते. तेव्हा १.४ किलोत खरे लाकूड १.२ किलो. पहिल्या प्रयोगात ते १.८ किलो होते. म्हणजे खरी बचत एक-तृतीयांश. तीन झाडांचे जळण लागत होते, तेथे दोन पुरतील. ही बचतही काही लहान नव्हे. तीतला वाटा कोरडेपणाचा किती आणि साफसफाईचा किती, हे मात्र या प्रयोगावरून सांगता येणार नाही, कारण आम्ही दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगाचा नियम आम्ही मोडला तो बाकीच्यांना आंघोळीची घाई होती म्हणून!

आता शक्ती काढा: ५२५० ÷ १२६० = ४.२ किलोवॉट. आपली गरज होती ३.८. जुना बंब पुरून उरला. त्या दिवशी शेवटच्या माणसालाही पाण्यात विसावण घालावे लागले, आणि तो माणूस कोण हे सांगायला नकोच.

अमेरिकेतील अंगणातली भट्टी

ही केवळ पेडगावची गोष्ट नाही. अमेरिकेच्या थंड प्रदेशांत काही घरांच्या अंगणात लाकडाचा मोठा बॉयलर असतो. दिसायला तो लहानशा खोपटासारखा. आत भट्टी आणि तिच्याभोवती पाणी. तापलेले पाणी जमिनीखालच्या नळांतून घरात फिरते आणि खोल्या उबदार ठेवते. 'कमी पडायला नको' म्हणून लोक गरजेपेक्षा मोठा बॉयलर घेतात. कडाक्याची थंडी वर्षातून थोडेच दिवस असते. बाकीच्या दिवसांत पाणी लगेच तापते आणि हवेची झडप आपोआप बंद होते. भट्टीत भरलेले लाकूड तासन्‌तास हवेवाचून धुमसत राहते. दाट धूर बुटक्या धुराड्यातून शेजाऱ्यांच्या घरात शिरतो आणि निवलेल्या धुराचे डांबर धुराड्यात साचते. या धुराच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की न्यूयॉर्क राज्याने २०११ मध्ये आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१५ मध्ये अशा नव्या बॉयलरांच्या धुरावर मर्यादा घातल्या.

त्यावरचा एक चांगला उपाय असा: भट्टी बेताची ठेवावी, तिला भरपूर हवा देऊन ती प्रखर जाळावी, आणि तयार झालेली उष्णता बाहेरून नीट गुंडाळलेल्या मोठ्या टाकीत पाण्याच्या रूपाने साठवावी. आग बेताची पण स्वच्छ, आणि साठा हवा तेवढा मोठा. आपल्या बंबालाही हाच नियम लागू पडतो. राखेचे दार लावून रात्रभर विस्तव धुमसत ठेवण्यापेक्षा थोडा वेळ लखलखीत जाळ करणे केव्हाही चांगले.

मग मोठा बंब केव्हा घ्यावा?

दादाने शेवटी विचारले, "म्हणजे मोठा बंब नकोच म्हणतोस?"

तसे नाही. वाळलेले लाकूड, मोकळे नळकांडे आणि पुरेशी हवा असूनही जुना बंब कमी पडत असेल, तर मोठा जरूर घ्यावा. मात्र तेव्हा नळकांडे रुंद किंवा एकाहून अधिक आहे ना, हे पाहावे. सगळ्यांना एकाच वेळी, थोड्या अवधीत पुष्कळ पाणी हवे असेल, तर मोठा साठा उपयोगी पडतो. पण पेडगावच्या त्या घरात न्हाणी एकच. एकामागून एकच माणूस आत जाणार. पाहुणे कितीही आले तरी रांग बंबासाठी लागणार नाही, न्हाणीसाठीच लागेल! दर सात मिनिटांना एक आंघोळ, आणि तेवढ्या अवधीत ४.२ किलोवॉटचा बंब सुमारे १.८ मेगाज्यूल देतो. एका आंघोळीला लागतात १.५.

त्या वर्षी बांधावरची बाभूळ तुटली नाही. बंबाच्या पैशातून थोडे खर्चून गोठ्याच्या भिंतीला लागून पत्र्याचे छप्पर उभे राहिले. त्याखाली पऱ्हाट्या, तुराट्या आणि फोडलेली लाकडे उन्हाळ्यातच रचून ठेवायची असे ठरले. पुतण्याने अंगणातल्या ओल्या लाकडाचा १ किलोचा एक तुकडा त्या थंडीतच गच्चीवर वाळत टाकला होता. होळीच्या सुमारास तो ७०० ग्रॅम भरला. वहिनी आता सव्वापाचऐवजी साडेपाचला उठतात. धूर पुरता गेलेला नाही, पण पूर्वीसारखा राहिलेला नाही.

जपून!

बंब बंद न्हाणीत कधीही पेटवू नये. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो. बंबात पाणी नसताना विस्तव घालू नये, सांध्यांचा डाक वितळतो. बंबाचे तोंड कधीही घट्ट बंद करू नये, वाफेला वाट हवीच.

करून पाहा

१. ओल्या लाकडाचा एक तुकडा तोला. दर आठवड्याला पुन्हा तोला आणि आलेख काढा. वजन घटणे केव्हा थांबते?

२. आपल्या घरी पाणी तापवण्याचे जे साधन असेल (बंब, चूल, गॅस किंवा गिझर) त्याची शक्ती या लेखातल्याप्रमाणे काढा.

३. एकाच आकाराचे, पण एक लहान व एक मोठे अशी दोन भांडी गरम पाण्याने भरा. दर दहा मिनिटांनी दोन्हींचे तापमान नोंदवा.

विचार करा

१. विस्तव विझल्यावरही नळकांड्यातून हवा वर जात राहते. त्याचा बंबातल्या पाण्यावर काय परिणाम होईल? तो टाळायला काय कराल, आणि निखारे पुरते विझण्याआधी तसे करणे धोक्याचे का?

२. नळकांड्यात पत्र्याची पिळलेली पट्टी लोंबती सोडली तर पाणी लवकर तापेल का? तिचा तोटा काय होईल?

३. ७० अंशांच्या २५ लिटर पाण्यातून ७ लिटर काढून २० अंशांचे ७ लिटर ओतले, तर मिश्रणाचे तापमान किती होईल? (विस्तव विझलेला आहे असे समजा.)

४. परभणीकडच्या हिवाळ्यात आकाश बहुधा निरभ्र असते. सकाळच्या आंघोळीचे पाणी आदल्या दिवशीच्या उन्हाने तापवायचे असेल, तर या लेखातली कोणती गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरेल: दरवाजा की साठा?